लघवीची लाज आणि पुरुषाचे म्हातारपण

आपल्याकडचा पुरुष दुखण्याविषयी बोलत नाही असे नाही. गुडघा, दमा, मोतीबिंदू यांविषयी तो चारचौघांत बोलतो. परंतु लघवीचा त्रास सुरू झाला की त्याची वाचा बसते. पुरुषपणाची सारी प्रतिष्ठा त्या जागेशी बांधली गेल्यामुळे हे मौन आले आहे. त्याची किंमत शेवटी मूत्रपिंडाला मोजावी लागते.

प्रोस्टेट म्हणजे पौरुषग्रंथी. ती मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि मूत्रनलिका तिच्या मधून जाते. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते. चाळिशीनंतर वाढू लागते. पन्नाशीतल्या जवळजवळ निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते. ती म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. मात्र ती नलिका दाबते. मग धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, थेंब थेंब गळते, रात्री तीन-चारदा उठावे लागते.

एका खोलीत सारे कुटुंब झोपते आणि संडास वस्तीच्या टोकाला असतो, तेथे रात्री चारदा उठणे ही साधी गोष्ट नाही. म्हातारा लघवी दाबून धरतो, दिवसा पाणी पिणे सोडतो. पहारेकरी, ट्रकचालक, रस्ता झाडणारा कामगार यांना तर कामावर मुतारीच मिळत नाही. त्यामुळे या आजाराचा विचार घर आणि काम यांना सोडून करता येत नाही.

तपासणीची सुरुवात प्रश्नांनी होते. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 साली सात प्रश्नांची गुणपत्रिका तयार केली. एकूण गुण 35. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, त्यापुढे तीव्र. नंतर लघवीची तपासणी, रक्तातील साखर आणि क्रिएटिनिन, सोनोग्राफी, आणि गुदद्वारातून बोटाने ग्रंथीची चाचपणी. या चाचपणीला पुरुष सर्वांत जास्त लाजतात. ती मिनिटभराची असते, आणि ग्रंथी मऊ आहे की दगडासारखी टणक, हे तीत कळते. मधुमेहानेही वारंवार लघवी होते, म्हणून साखर पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

पीएसए ही रक्तचाचणी उपयोगी आहे, पण ती निकालपत्र नव्हे. साध्या वाढीतही आणि जंतुसंसर्गातही तिचा आकडा चढतो. थंडी-ताप आणि जळजळ असेल तर प्रथम संसर्गावर उपचार करावेत, आकडा नंतर पाहावा.

त्रास सौम्य असेल तर संध्याकाळनंतर पाणी, चहा आणि दारू कमी करणे पुरते. टॅमसुलोसिनसारखी औषधे स्नायू सैल करतात. काही दिवसांतच गुण येतो, पण उठताना चक्कर येऊ शकते. फिनास्टेराइड ग्रंथी आकसवते, त्याला सहा महिने लागतात. ते पीएसएचा आकडा निम्म्यावर आणते, म्हणून डॉक्टरला त्याविषयी सांगावे. याने भागले नाही तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. तिने बहुधा पुरुषत्व जात नाही. वीर्य मागे मूत्राशयात जाते, एवढाच फरक अनेकांना पडतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी मात्र लघवी अचानक तुंबू शकते.

लघवी पूर्ण अडली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नळी घालून ती मोकळी करतात. लघवीत रक्त एकदाच दिसले तरी तपासणी हवी. कमरेच्या हाडांत सतत दुखत असेल आणि वजन उतरत असेल तर थांबू नये, कारण सुरुवातीचा कर्करोग बहुधा काहीच लक्षण दाखवीत नाही.

अमेरिकेत प्रोस्टेटच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण काळ्या पुरुषांत गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आहे. आनुवंशिकतेचा त्यात भाग आहे. परंतु उशिरा होणारे निदान आणि हाती न येणारे उपचार यांचाही आहे. म्हणजे शरीराच्या आत वाढणाऱ्या रोगालाही समाजरचना बाहेरून हात देते.

आपल्या साहित्याने भुकेची आणि अपमानाची लाज मोडली. म्हाताऱ्या बापाला 'लघवीला त्रास होतो का?' एवढे विचारण्याची लाजही आता मोडली पाहिजे.