जुना लेझर प्रिंटर नव्या संगणकाला जोडताना

कार्यालये, टंकलेखन केंद्रे आणि लहान मुद्रणालये यांत अनेक वर्षे सेवा दिलेले लेझर प्रिंटर आजही सुस्थितीत आढळतात. संगणक मात्र बदलावा लागतो. विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले आणि नव्या संगणकाबरोबर नवा प्रिंटरही घ्यावा काय, असा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला. वस्तुतः अडचण प्रिंटरच्या यंत्रणेत क्वचितच असते. ती बहुधा जोडणीत किंवा भाषेत असते.

प्रथम जोडणी. १९९० च्या दशकातील बहुतेक प्रिंटर पॅरलल पोर्टद्वारे जोडले जात. त्या केबलला संगणकाच्या बाजूस २५ पिना, तर प्रिंटरच्या बाजूस ३६ संपर्कबिंदू असत. १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक आले आणि कालांतराने पॅरलल पोर्ट संगणकावरून नाहीसा झाला. यूएसबी-पॅरलल रूपांतरक केबलने ही उणीव भरून काढता येते. ती जोडताना प्रिंटर बंद असावा. जोडणीनंतर प्रिंटरचे नाव आपोआप दिसले नाही, तर प्रिंटर स्वतः समाविष्ट करून 'एलपीटी१' ऐवजी 'यूएसबी००१' हा पोर्ट निवडावा.

दुसरा प्रश्न भाषेचा. संगणकावरील मजकूर प्रिंटरला समजेल अशा आज्ञांमध्ये रूपांतरित करण्याचे कार्य ड्रायव्हर करतो. विंडोज ११ केवळ ६४ बिट स्वरूपात उपलब्ध असल्याने जुन्या सीडीवरील ३२ बिट ड्रायव्हर तेथे चालत नाही. तथापि, १९९२ च्या एचपी लेझरजेट ४ सारख्या प्रिंटरला पीसीएल ही सर्वपरिचित भाषा अवगत असते. पीसीएल अथवा पोस्टस्क्रिप्ट जाणणारा प्रिंटर त्याच भाषेच्या सामान्य ड्रायव्हरवरही बहुधा चालतो.

याउलट एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० यांसारख्या प्रिंटरमध्ये पृष्ठाची जुळवणी संगणकच करतो. त्यामुळे ते विशिष्ट ड्रायव्हरवर पूर्णतः विसंबून असतात. म्हणजेच वयाने जुना प्रिंटर कधी कधी नंतरच्या स्वस्त प्रिंटरपेक्षा अधिक सुलभतेने जोडला जातो.

ड्रायव्हर उपलब्ध नसल्यास लिनक्सवर चालणारा एखादा जुना संगणक मध्यस्थ म्हणून वापरता येतो. कप्स या मुद्रणप्रणालीद्वारे तो प्रिंटर स्थानिक नेटवर्कवरील इतर संगणकांना उपलब्ध करून देतो. मात्र त्या प्रिंटरला लिनक्सचे साहाय्य आहे, याची खात्री आधी करावी. ड्रायव्हर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. अनोळखी संकेतस्थळांवरील 'मोफत' ड्रायव्हरमधून घातक प्रणाली संगणकात शिरू शकते.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या कक्षेत प्रिंटर व त्यांची कार्ट्रिजेसही येतात. सर्व उपाय निष्फळ ठरल्यास प्रिंटर नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच सोपवावा. परंतु तत्पूर्वी त्याची भाषा कोणती, हे अवश्य तपासावे. केवळ एका केबलअभावी चालते यंत्र भंगारात जाऊ नये.