टॅब घ्यावा की संगणक?

मुलगी बारावी झाली की पालकांपुढे प्रश्न उभा राहतो : स्वस्तातला टॅब घ्यावा, की आणखी पैसे साठवून संगणक घ्यावा? खर्च एकदाच होणार असल्याने याचा नीट विचार व्हावयास हवा.

टॅब बॅटरीवर चालतो. पालम-सोनपेठकडच्या खेड्यात वीज गेली तरी वाचन थांबत नाही. पुस्तके वाचणे, व्याख्याने ऐकणे, साधे अर्ज भरणे ही कामे त्यावर उत्तम होतात. याच हेतूने केंद्र सरकारने २०११ साली विद्यार्थ्यांसाठी स्वस्त 'आकाश' टॅब आणला होता. त्याचा वेग मंद होता. आजचे टॅब कितीतरी सरस आहेत.

अडचण येते ती लिहिताना. कळफलक पडद्यावरच उमटतो, निम्मी जागा व्यापतो आणि बोटांना कळ जाणवत नाही. म्हणून न पाहता टंकलेखन जमत नाही. लिपिक-टंकलेखक पदास मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे प्रमाणपत्र लागते. ती परीक्षा संगणकावर होते. परभणीच्या कृषी विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्यासही मोठे तक्ते व संख्याशास्त्रीय आकडेमोड करावी लागते. टॅबला वेगळा कळफलक जोडल्यास पत्रलेखन होईल. पण अशा कामाची अनेक सॉफ्टवेअर त्यावर चालत नाहीत.

थोडक्यात, वाचण्यापुरता टॅब पुरे. मात्र घरात मोबाईल असेल तर टॅबचे बरेचसे काम तोच करतो. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, पहिली खरेदी संगणकाची करा, जुना चालेल. वीज वारंवार जात असेल तर चांगल्या बॅटरीचा लॅपटॉप पाहा. नोकरीस लागणारा हात कळफलकावरच तयार होतो.