खाडीचा चिखल आणि खार जमिनीतील नत्र

माथेरानच्या डोंगराकडून येणारी गाढी नदी पनवेलजवळ खाडीला मिळते. पाण्याबरोबर शेतातील खताचा व वस्तीच्या सांडपाण्याचा नत्र नायट्रेटच्या रूपाने खाडीत उतरतो. तो साठत गेला तर शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व मासळी मरते. हा नायट्रेट काढून टाकण्याचे बरेचसे काम खाडीच्या चिखलातील जिवाणू करतात.

ओहोटीला तिवरांजवळचा चिखल उकरून पाहावा. वरचा काही मिलिमीटरचा थर तपकिरी असतो, तर खालचा काळा असून त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. वरच्या थरात प्राणवायू असल्याने तेथील जिवाणू अमोनियाचे नायट्रेट बनवितात. खाली प्राणवायू नसतो. तेथील स्युडोमोनाससारखे जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात. त्यामुळे नायट्रेटपासून टप्प्याटप्प्याने नायट्राइट, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड व शेवटी नायट्रोजन वायू बनून हवेत जातो. यालाच विनत्रीकरण म्हणतात. या जिवाणूंना लागणारे सेंद्रिय अन्न तिवरांच्या कुजलेल्या पानांतून मिळते.

शेतकरी बंधूंनो, खाडीत उपकारक ठरणारी हीच क्रिया भातखाचरात मात्र नुकसान करते. बांध घालून खाडीपासून तोडलेली खार जमीन ही मुळात हाच चिखल होय. युरियामध्ये ४६ टक्के नत्र असतो. तो उभ्या पाण्यात फोकला तर काही नत्र अमोनिया वायू होऊन उडतो. काही नायट्रेट होऊन खाली झिरपतो व जिवाणूंच्या तावडीत सापडतो. खाचर आलटून पालटून सुकले व भरले तर हे नुकसान वाढते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या भाताच्या जाती दिल्या आहेत. पण नत्र उडून गेला तर चांगली जातही उपाशी राहते.

यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१) युरिया-डीएपी ब्रिकेट लावणीच्या दिवशीच चार चुडांच्या मधोमध एक याप्रमाणे ७ ते १० सें.मी. खोल खोचावी. तेथे नत्र अमोनियम रूपात राहतो व चिकणमाती त्याला धरून ठेवते.

२) पाणी साठणाऱ्या खाचरात कॅल्शियम अमोनियम नायट्रेटसारखी नायट्रेटयुक्त खते वापरू नयेत.

३) क्षार धुण्यासाठी पाणी सोडावयाचे असल्यास ते खत देण्यापूर्वी सोडावे. खत दिल्यावर लगेच उघाडीतून पाणी जाऊ देऊ नये.

४) बाहेरकाठ्यालगतची तिवरे तोडू नयेत व चिखलावर भराव टाकू नये. तिवरे लाटांपासून काठा राखतात आणि जिवाणूंना अन्नही पुरवितात.

खाडीतील जिवाणू सगळेच निस्तरतील या भरवशावर जादा खत टाकू नये. त्यांच्या कामालाही मर्यादा आहे. शिवाय काही नत्र नायट्रस ऑक्साइड रूपात हवेत जाऊन तापमानवाढीस हातभार लावतो. जिवाणूंना खाडीत काम करू द्यावे. खाचरातील नत्र मात्र भातासाठी राखावा.