पाण्यावरचा मुक्काम – भाग ६ : बंदरं मोजावीत की तास?

मराठीत बोट दोन प्रकारे लागते. एकदा धक्क्याला आणि एकदा माणसाला. दुसऱ्या लागण्याबद्दल, म्हणजे ॲव्होमिनची गोळी, आल्याची वडी आणि मधल्या मजल्यावरची खोली याबद्दल, गेल्या आठवड्यात लिहिलं. आज पहिल्याबद्दल. आठवडाभराच्या प्रवासात बोट किती वेळा धक्क्याला लागावी?

प्रश्न सोपा वाटतो. 'सात रात्री, सहा बंदरं' आणि 'सात रात्री, तीन बंदरं' अशी दोन पत्रकं शेजारी ठेवली आणि पैसे जवळपास सारखेच असले, की आपला हात आपसूक पहिल्याकडे जातो. थाळीत वाट्या जास्त तिथं पैसे वसूल, हा आपला जुना हिशोब. आमच्या सोसायटीतले एक काका त्याच हिशोबानं भूमध्य समुद्रात फिरून आले. रोम कसं वाटलं, असं विचारलं. जरा आठवून म्हणाले, "स्टेशन मोठं आहे."

काकांना हसून उपयोग नाही. पत्रकात 'रोम' असं छापलेलं असतं, पण बोट लागते चिवितावेक्कियाला आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. सकाळी सातला बोट लागली तरी नाश्ता, उतरायची रांग, बंदराच्या फाटकापर्यंतची बस आणि मग तासा-सव्वातासाची आगगाडी, असं करत रोमच्या तेर्मिनी स्टेशनात पाय ठेवेपर्यंत दहा वाजतात. बोट संध्याकाळी सातला सुटणार असेल तर साडेसहाच्या आत सगळ्यांनी वर यायचं. एखादी गाडी चुकली तरी मागची मिळावी म्हणून शहाणा माणूस साडेतीनलाच परत फिरतो. बारा तासांतले हातात उरले साडेपाच, आणि त्यातच कलोसियमची रांग. फ्लोरेन्सचंही तेच, बोट लिव्होर्नोला लागते, तिथून नव्वद किलोमीटर. पॅरिससाठी ल हाव्रला उतरवतात, तिथून दोनशे. बँकॉकसाठी लेम चबांग, तेही शंभराच्या वर. याउलट माल्टाच्या व्हॅलेटाला बोट गावाच्या तटाखालीच लागते. लिफ्टनं वर गेलात की शहरात. पत्रकात मात्र रोमलाही एक ओळ आणि व्हॅलेटालाही एकच.

म्हणून माझा सल्ला असा, की बंदरं मोजू नका, तास मोजा. बोट लागायची वेळ, सुटायची वेळ आणि बंदरापासून गावाचं अंतर, हे तीन आकडे प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं लिहा. बुकिंग करणाऱ्याकडे वेळापत्रक असतं, मागितल्याशिवाय देत नाहीत इतकंच.

मग समुद्रातले दिवस तरी का असतात? कंपनी ते 'आराम' म्हणून विकते, पण मुळात ते नकाशातून आलेले असतात. मोठी प्रवासी बोट १८ नॉटनं, म्हणजे तासाला १८ सागरी मैल वेगानं चालली, तर रात्रीच्या बारा तासांत चारशे किलोमीटर जाते. तेवढ्या पल्ल्यात पुढचं बंदर असेल तर रोज सकाळी नवं गाव. ग्रीसची बेटं, इटलीचा किनारा, नॉर्वेच्या खाड्या इथं हे जमतं. पल्ला मोठा असेल तर मध्ये पाणीच. वेग वाढवावा म्हटलं तर तासाला लागणारं इंधन साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. वेग सव्वापट केला की इंधन जवळजवळ दुप्पट. त्यामुळे घाई कुणीच करत नाही.

एकच मुलूख या दोन्ही तऱ्हांनी बघायचा तर हवाईइतकं चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. शिवाय आमच्या घरात दोन्ही प्रयोग झालेले आहेत.

कॅलिफोर्नियाहून हवाई दोन हजारांहून जास्त सागरी मैल. बोटीनं जाताना चार-पाच दिवस, येताना तितकेच. पंधरा रात्रींच्या फेरीत बेटांवरची बंदरं जेमतेम चार: हिलो, होनोलुलू, कवाई बेटावरचं नाविलीविली आणि माउई किंवा कोना. शेवटी मेक्सिकोतलं एन्सेनाडा नावाचं एक गाव, तेही काही तासांपुरतं. हे एन्सेनाडा तिथं कसं आलं, त्यामागे एक मजेदार कायदा आहे. अमेरिकेच्या १८८६च्या कायद्यानं परदेशी निशाणाच्या बोटीला अमेरिकेतल्या बंदरात प्रवासी घेऊन, फिरवून, पुन्हा अमेरिकेतच उतरवायचे असतील, तर मध्ये एखाद्या परदेशी बंदराला लागावंच लागतं. बहुतेक मोठ्या क्रूझ बोटींवर बहामा, पनामा, बर्म्युडा असली निशाणं. म्हणून हवाई बघायला निघालेला माणूस परतताना उगाच मेक्सिकोला हात लावून येतो. (अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर भारतीय पासपोर्टावर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही.) या कायद्यातून सुटलेली मोठी क्रूझ बोट हवाईत एकच, 'प्राइड ऑफ अमेरिका'. तिचा सांगाडा मिसिसिपीत सुरू झाला, काम जर्मनीत पुरं झालं, संसदेनं खास परवानगी दिली आणि २००५पासून ती अमेरिकेचं निशाण लावून होनोलुलूहून सात रात्रींच्या फेऱ्या मारते. तिच्यात समुद्रातला पूर्ण दिवस एकही नाही.

पंधरा रात्रींच्या फेरीत बेटांवर मिळतात चाळीसेक तास. सात रात्रींच्या फेरीत ऐंशीच्या वर, कारण माउईला आणि कवाईला बोट रात्रभर मुक्काम करते. हा रात्रीचा मुक्काम पत्रकात नुसता नजरेआड होतो, पण तोच खरा माल. माउईवरच्या हालेआकाला ज्वालामुखीच्या माथ्यावरून, तीन हजार मीटर उंचीवरून सूर्योदय बघायचा तर पहाटे अडीच-तीनलाच निघावं लागतं. सकाळी आठला लागणाऱ्या बोटीतून ते कसं जमणार? आमच्या जाऊबाईंना जमलं. त्या सॅन होजेला राहतात. महिनाभर आधीपासून वेळ राखून, पहाटेच्या थंडीत बोटीवरची रजई पांघरून बसल्या होत्या. पण घरी परतल्यावर दोन दिवस झोपून काढले, हेही त्याच सांगतात.

आम्ही गेलो होतो ते पंधरा रात्रींच्या बोटीनं, फेब्रुवारीत, सासू-सासऱ्यांना घेऊन. धाकट्या दिरांनी तिकिटं काढली, कारण बाबांना बोटीतच बसायचं होतं. ते मूळचे मालवणचे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची आगबोट त्यांच्या बालपणीची. आजच्या भाषेत ती बंदरंच बंदरं असलेली क्रूझ: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. डेकवर वळकट्या, ट्रंका, कोंबड्या आणि लागलेली माणसं.

समुद्रातले दिवस म्हणजे ऊन, पोहण्याचा तलाव आणि हातात शहाळं, असं चित्र मनात असेल तर ते पुसा. कॅलिफोर्नियाचा समुद्र थंड. पहिले दोन दिवस तलावाकडे कुणी फिरकलं नाही. माणसं शाली गुंडाळून काचेआड बसलेली. तिसऱ्या दिवशी हवा उबदार झाली आणि सकाळी सातला डेकवर गेले तर प्रत्येक आरामखुर्चीवर टॉवेल. माणूस एकही नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा आपला गाववाला इथंही भेटला म्हणायचा. तिकडे सासूबाई हुला शिकायच्या वर्गाला बसल्या. पाय धड वळत नव्हते, पण हात सुरेख चालायचे. मंगळागौरीपेक्षा हे सोपं, असा त्यांचा शेरा. बाबा सकाळ-संध्याकाळ डेकवरून प्रदक्षिणा घालत. तिथं पाटी होती, तीन फेऱ्यांना एक मैल. पश्चिमेकडे जाताना दोन रात्री घड्याळं तासभर मागे गेली, म्हणजे दोन दिवस पंचवीस तासांचे. कुणालाच कुठं पोचायची घाई नव्हती. जातानाचे ते चार दिवस मी कुठल्याही गावाशी बदलणार नाही.

येतानाचे मात्र कुणी मागितले तर देऊन टाकीन. ईशान्येचे वारे समोरून, बोट डुलते, टेबलावरचा चमचा हळूच सरकत जातो. घड्याळं पुढे, त्यामुळे तेवीस तासांचे दिवस. हुला शिकून झालेला, युकुलेलेही वाजवून झालेली, आणि जेवणाच्या टेबलावरच्या शेजाऱ्यांची सगळी नातवंडं तोंडपाठ. म्हणून समुद्रातल्या दिवसांची आवड असणाऱ्यांना मी सांगते, एकाच बाजूची बोट घ्या, दुसऱ्या बाजूनं विमान. वसंतात काही बोटी अलास्काच्या हंगामासाठी हवाईहून व्हँकुव्हरकडे निघतात, शेवट कॅनडात असल्यानं त्यांना एन्सेनाडा लागत नाही. कॅनडाचा व्हिसा मात्र आधी बघा.

कोनाची गोष्ट राहिली. तिथं मोठ्या बोटीला धक्का नाही. बोट बाहेर नांगर टाकते आणि लहान होड्यांनी माणसं किनाऱ्यावर नेतात. हे आपल्याला नवं नाही. आगबोटीतून पडावात उड्या मारून कोकणी माणसाच्या चार पिढ्या उतरल्या. मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझलाही बेटाजवळ हेच करावं लागतं. अशा जागी समुद्राची मर्जी चालते. आम्ही कोनाला पोचलो तेव्हा लाटा मोठ्या होत्या. तासभर वाट पाहून कप्तानानं जाहीर केलं की उतरता येणार नाही. चारांतलं एक बंदर गेलं. तिकिटाच्या मागच्या बारीक अक्षरात हा अधिकार कप्तानाला दिलेलाच असतो, त्यामुळे परत मिळाले ते फक्त बंदराचे कर. दीर चिडले. बाबा कठड्याला टेकून किनाऱ्याकडे बघत म्हणाले, "आमच्या टायमाक पण ह्यांच व्हायचां. मालवणाक उतरूचो माणूस वेंगुर्ल्याक जावन पडायचो."

बंदरं थोडी असलेल्या फेरीत हा धोका जास्त टोचतो, हे लक्षात ठेवा. सहांतलं एक गेलं तर चुटपुट लागते, पण दोनांतलं एक गेलं तर अर्धी सहल गेली. ठरवायच्या आधी होडीनं उतरायची बंदरं कुठली, ते विचाराच. गुडघे दुखणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण हलत्या होडीत पाऊल टाकावं लागतं.

पैशाचंही थोडं. बंदरात असताना बोटीवरचा कॅसिनो आणि करमुक्त दुकानं बंद असतात, किनारा मागे पडल्यावर उघडतात. म्हणजे समुद्रातला दिवस हा कंपनीच्या गल्ल्याचा दिवस. खोलीचंच कार्ड सगळीकडे चालतं, रोख दिसत नाही, त्यामुळे बिल शेवटच्या सकाळी दाराखालून सरकून येईपर्यंत काही जाणवत नाही. मुंबईहून सुटणाऱ्या दोन रात्रींच्या फेऱ्यांत मध्ये एकही बंदर नसलं तरी कंपनीला परवडतं, ते यामुळेच. बंदराच्या दिवशी हीच वसुली सहलींच्या बसमधून होते. 'प्राइड ऑफ अमेरिका'वर कॅसिनोच नाही, हवाईत जुगाराला बंदी आहे. शिवाय अमेरिकी निशाणामुळे कर्मचाऱ्यांना पगार अमेरिकी कायद्यानं. तिचं रोजचं भाडं इतरांपेक्षा चढं असतं, त्याचं कारण यातच शोधा.

मुलं लहान असतील, किंवा त्या देशात पुन्हा जाणं होणार नसेल, तर बंदरं जास्त घ्या. पण अशीच, जिथं गाव धक्क्यापासून चालत किंवा अर्ध्या तासात. आईवडिलांना घेऊन जात असाल तर सलग तीन बंदरांनंतर एक पाण्यातला दिवस हवाच. चौथ्या सकाळी सहाला उठून बसमध्ये चढायचं म्हटलं की घरोघरी भांडणं होतात. नवराबायकोंनी दोघांनीच जायचं असेल तर, माझं ऐकाल तर, पाणी जास्त घ्या.

आणि बोट बंदरात असताना आपण उतरलंच पाहिजे, असं कुठं लिहिलेलं नाही. आमची बोट एन्सेनाडाला लागली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. सगळे रांगेत, दिरांनी पासपोर्ट खिशात टाकलेले. "बाबा, चला ना, मेक्सिको!" बाबांनी चहाचा कप हातात घेतला आणि वरच्या डेकची वाट धरली. तिथं आता एकाही खुर्चीवर टॉवेल नव्हता.

"कायदो बोटीक आसा," ते म्हणाले, "माका नाय."