यकृत ओळखतं, पण पारखत नाही

सातारा-सांगलीकडच्या घरांत ‘औषध’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. “बागेला औषध मारायचंय” आणि “आईचं औषध संपलंय” ही दोन्ही वाक्यं एकाच सोप्यात ऐकू येतात. गंमत नव्हे, पण आपलं यकृतही या दोन औषधांत फारसा भेद करत नाही.

यकृताच्या आणि आतड्याच्या पेशींत पीएक्सआर नावाचा रिसेप्टर असतो. 1998 साली तो सापडला. पीएक्सआरची खोबण मोठी आणि लवचीक आहे. त्यामुळे क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन तिच्यात बसतं, तसंच 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेलं एंडोसल्फान हे कीटकनाशकही बसतं. रेणू बसला की रिसेप्टर केंद्रकातल्या डीएनएवर ठरावीक जागी चिकटतो. मग परकी रसायनं मोडणारी विकरं आणि त्यांना बाहेर ढकलणारे पंप जास्त प्रमाणात तयार होऊ लागतात. ही व्यवस्था उपकारक आहे, पण तिच्याबद्दलचे काही गैरसमज महागात पडतात.

गैरसमज : दोन वेगळ्या दुखण्यांच्या गोळ्या एकमेकींच्या वाटेला जात नाहीत.

वस्तुस्थिती : क्षयाच्या नेहमीच्या सहा महिन्यांच्या उपचारात रिफॅम्पिसिन शेवटपर्यंत असतं. लघवी केशरी-लाल होते ती याच औषधाच्या रंगाने. ते डोळ्यांना दिसतं, यकृतात काय चाललंय ते दिसत नाही. रिफॅम्पिसिन पीएक्सआरला जोरात जागं करतं आणि वाढलेली विकरं सोबतच्या इतर गोळ्याही भराभर मोडतात. गर्भनिरोधक गोळी नेमाने घेऊनही दिवस राहू शकतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, स्टेरॉइड, मधुमेहाच्या काही गोळ्या अपुऱ्या पडतात. अशा वेळी क्षयाचं औषध अजिबात सोडायचं नाही. डॉक्टरांना विचारून सोबतचं औषध किंवा त्या सोबतच्या औषधाची मात्रा बदलून घ्यायची. तांबीवर मात्र रिफॅम्पिसिनचा परिणाम होत नाही.

गैरसमज : गोळी थांबली की परिणामही थांबला.

वस्तुस्थिती : कोयनेचे दरवाजे उचलले म्हणून सांगलीत आयर्विन पुलाखाली त्याच घटकेला पाणी चढत नाही, आणि दरवाजे बंद झाले म्हणून लगेच ओसरतही नाही. इथेही तसंच आहे. विकरं पुरती वाढायला साधारण एक-दोन आठवडे लागतात, आणि रिफॅम्पिसिन बंद झाल्यावर ती पूर्ववत व्हायला दोनेक आठवडे जातात. क्षयाच्या काळात वॉरफरिनची मात्रा वाढवली असेल, तर उपचार संपल्यावर ती तपासून कमी करावी लागते. तसं केलं नाही तर रक्तस्राव होऊ शकतो. क्षय बरा झाल्याच्या आनंदात नेमकी हीच तपासणी राहून जाते.

गैरसमज : हळद, मिरी, झाडपाला यांचा औषधांशी काय संबंध?

वस्तुस्थिती : सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. आमटीतल्या हळदीची काळजी नको, तिच्यातलं कर्क्युमिन अंगी फार कमी लागतं. अर्क काढून, मिऱ्यातलं पायपरिन घालून केलेल्या गोळीची गोष्ट वेगळी. पायपरिन औषधं मोडणाऱ्या विकरांना अडवतं. याच पायपरिनचा उपयोग करून जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेने रिफॅम्पिसिनची मात्रा 450 वरून 200 मिलिग्रॅमवर आणणारी गोळी विकसित केली. उलट दिशेचं उदाहरण सेंट जॉन्स वर्ट या युरोपी वनस्पतीचं आहे. ती पीएक्सआरला जागं करते, आणि तिच्यामुळे हृदय बदललेल्या रुग्णांचं सायक्लोस्पोरिन अपुरं पडल्याची नोंद 2000 साली झाली. कर्क्युमिनच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही इटली-अमेरिकेत आहेत.

गैरसमज : रक्तदाबाच्या गोळीवर द्राक्षं चालत नाहीत.

वस्तुस्थिती : तासगावच्या द्राक्षांवर हा आळ नको. चालत नाही ते ग्रेपफ्रूट, आणि ते लिंबाच्या कुळातलं फळ आहे. आपल्याकडचं पपनस त्याचं जवळचं नातेवाईक. ग्रेपफ्रूटचा रस आतड्यातलं विकर बंद पाडतो, त्यामुळे रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या रक्तात प्रमाणाबाहेर चढतात. नावातलं साम्य सोडलं तर द्राक्षाचा यात संबंध नाही.

गैरसमज : यकृताने मोडलं म्हणजे विष निघून गेलं.

वस्तुस्थिती : उसाला हुमणी-वाळवीसाठी घातलं जाणारं क्लोरपायरीफॉस घ्या. यकृतातली तीच विकरं त्याचं ऑक्सॉन बनवतात आणि हे ऑक्सॉन मूळ रसायनापेक्षा नसांना कैक पटींनी घातक असतं. पुढे दुसरं विकर त्याला निष्प्रभ करतं, पण त्याचा वेग प्रत्येकाचा वेगळा. म्हणून “मला कधी काही झालं नाही” हा शेजाऱ्याचा अनुभव तुमच्या कामाचा नाही.

मात्रेचं भानही हवं. रिफॅम्पिसिनचा रोजचा डोस शेकडो मिलिग्रॅमचा असतो. द्राक्षात उरलेल्या फवारणीच्या अंशाची मोजणी किलोमागे मिलिग्रॅमच्या अंशांत होते. ज्या रसायनाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात 0.01 मिलिग्रॅमची मर्यादा लागते. खरी काळजी आहे ती भुरी-केवड्यासाठी ब्लोअर घेऊन ओळीओळीने फिरणाऱ्या माणसाची. उकडतं म्हणून तो हातमोजे आणि मास्क काढतो, आणि खाणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त औषध त्याच्या कातडीतून, श्वासातून आत जातं.

निर्यातीची बाग असली की कुठलं औषध, किती, कोणत्या तारखेला मारलं, काढणीला किती दिवस राहिले, हे सगळं वहीत टिपलेलं असतं. 2010 साली क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशांपायी युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा या नोंदींची किंमत साऱ्या पट्ट्याला कळली. तशीच एक वही माणसांसाठी हवी. मिरजेला दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या पट्ट्या, काढ्याच्या बाटल्या, वैदूच्या पुड्या एका पिशवीत घ्या, आणि गेल्या पंधरवड्यात काय फवारलं तेही सांगा. यकृत आपलं काम निमूटपणे करत राहील. काय आत गेलं, हे डॉक्टरांना सांगायचं काम आपलं आहे.