अर्धा इग्लू

पहाटे साडेपाच. वर्गात जो माहितीपट दाखवायचा, तो त्या दिवशी सकाळी मी पुन्हा पाहते. जुन्या टिपणांवर वेळ निभावली की मुलांना लगेच कळतं. आज फ्लॅहर्टीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ', १९२२ सालचा.

दहा वाजता वर्ग. इग्लूतला प्रसंग आला की मी चित्र थांबवते. नानूकचं कुटुंब कपडे उतरवून कातड्यांच्या पांघरुणात शिरतंय. "आत एवढा उजेड कुठून आला?" सगळे गप्प. मग मागच्या बाकावरून, "मॅडम, भिंतच नाहीये!" बरोबर. खऱ्या इग्लूत ना कॅमेरा मावेना, ना उजेड पुरेना; म्हणून फ्लॅहर्टीनं मोठा इग्लू बांधवला आणि एक बाजू उघडी ठेवली. म्हणजे ती माणसं उघड्या थंडीत झोपेचा अभिनय करत होती. नानूक हे नावही त्याचं नव्हे, तो अलाकारियालाक. "मग हे सगळं खोटं?" हा प्रश्न दरवर्षी येतो. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. भिंत कुणी कापली आणि थंडी कुणाला वाजली, एवढं वहीत लिहायला सांगते.

साडेबारा. डबा, हजेरीपट, मग भारतातले आद्य चित्रपटकार सावेदादा यांच्यावरच्या प्रबंधाचं एक प्रकरण. रँग्लर परांजपे १९०१ साली केंब्रिजहून परतले, तेव्हा मुंबईतल्या त्यांच्या स्वागताचं चित्रण सावेदादांनी केलं होतं. ती फिल्म आज नाही. विद्यार्थिनी जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती चाळून लिहिते आहे. फार चिवट काम आहे ते.

तीन वाजता एडिटिंगच्या खोलीत. एक मुलगी मार्केट यार्डातल्या हमालावर फिल्म करते आहे. कट नेटका: पोतं पाठीवर, घामानं भिजलेली मान, ट्रकचं फाळकं. मी म्हटलं, "अगं, कापलेलं दाखव." रशेसमध्ये चाळीसेक सेकंदांचा एक तुकडा निघाला. हमाल पोतं टेकवतो, सरळ भिंगात बघतो नि विचारतो, "हे दाखवणार कुठं?" पुढे नुसती शांतता. कॅमेरा किंचित हलतो, आणि बंद.

"आवाज हलला होता, मॅडम."

"आवाजाचं राहू दे. त्याला उत्तर काय दिलंस?"

ती टाइमलाइनकडे बघत राहिली. संमतीपत्रावर त्याची सही होती, फाइलला नीट लावलेली. मी तो तुकडा अख्खा परत घालायला लावला, तिच्या गप्प राहण्यासकट. माझ्या मते तिची फिल्म तिथूनच सुरू होते.

साडेपाचला आनंद पटवर्धनांचा माहितीपट 'जय भीम कॉम्रेड', तीन तासांचा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांच्या १९८५ सालच्या 'बॉम्बे: हमारा शहर'मध्ये घोगरे गायले होते. ती ओळख जुनी होती, म्हणून या माहितीपटाचं काम चौदा वर्षं चालू राहिलं. दिवे लागल्यावर मी काही बोलत नाही. मुलं उठेपर्यंत बसून राहते.

रात्री दहा. आजचे रशेस दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरवते आहे. हे काम मी कुणावर सोपवत नाही. फोन वाजला. त्या मुलीचा निरोप: "पहाटे मार्केट यार्डात जाते आहे. कॅमेरा नेत नाही."

डिस्कवर अजून अकरा मिनिटं दाखवत होती.