उत्तरा-हस्तातील शुभ्र कंदफुले

थंड प्रदेशांतील बागांत बर्फ वितळण्याच्या सुमारास जमिनीतून वर येणारी स्नोड्रॉप ही कंदवर्गीय वनस्पती तिच्या खाली झुकलेल्या शुभ्र फुलांमुळे प्रसिद्ध आहे, आणि तिचे निरनिराळे प्रकार नेमके ओळखून जोपासणे हे तेथील बागप्रेमींचे एक स्वतंत्र शास्त्रच बनले आहे. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात, तेरणाकाठच्या माकणीसारख्या गावी ही वनस्पती जगवणे व्यवहार्य नाही. तथापि तिच्याच कुळातील काही कंद थंडीऐवजी पावसाशी बांधलेले असून ते पावसाळ्याच्या उतरणीला, म्हणजे उत्तरा व हस्त नक्षत्रांच्या सुमारास, तितकीच शुभ्र फुले देतात. माकणीच्या परसबागेचा विचार करताना म्हणूनच स्नोड्रॉपची ओळखपद्धती घ्यावी आणि लागवडीसाठी मात्र तिची पावसाळी भावंडे निवडावीत, हे श्रेयस्कर ठरते.

स्नोड्रॉपच्या गॅलान्थस या प्रजातीचे नामकरण लिनियसने 1753 मध्ये केले. तिच्यात वीसहून अधिक जाती असून त्यांचे मूळ क्षेत्र युरोपपासून कॉकेशस व इराणपर्यंत पसरलेले आहे. फुलाला पाकळ्यांसारखी सहा परिदले, म्हणजे ज्यांत निदले व पाकळ्या असा भेद करता येत नाही असे अवयव, असतात. त्यांपैकी बाहेरची तीन मोठी व निर्मळ पांढरी, तर आतली तीन आखूड व हिरव्या खुणा असलेली असतात. जाती ओळखताना मात्र फुलापेक्षा पानांकडे अधिक लक्ष दिले जाते: कोवळी पाने परस्परांवर सपाट टेकलेली असतील तर ती निवालिस, एक पान दुसऱ्याला गुंडाळून वर आले असेल तर एल्वेसी आणि पानांच्या कडा मागे दुमडलेल्या असतील तर प्लिकाटस, अशी प्राथमिक विभागणी होते. या कंदांत पुढील वर्षाची कळी आधीच्या उन्हाळ्यात तयार होते, परंतु तिचा दांडा लांबण्यासाठी काही आठवड्यांची सलग थंडी लागते. माकणीची थंडी त्यासाठी अपुरी पडते आणि उन्हाळ्यात चाळीस अंशांपर्यंत जाणारा पारा विश्रांतीतील कंदही सुकवून टाकतो.

या परिसरातील जमीन हा विचारात घेण्याचा दुसरा मुद्दा होय. निम्न तेरणा प्रकल्पाच्या जलाशयाभोवतालचा बराचसा भाग काळ्या, चिकण जमिनीचा आहे. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि वैशाखात तिला खोल भेगा पडतात. पावसाळ्यात अशा जमिनीत पाणी साचून कंद सडतात, तर उन्हाळ्यात भेगांमुळे मुळे तुटतात. शिवाय तिच्यातील चुनखडीमुळे झाडाला लोह मिळण्यात अडथळा येऊन पाने पिवळी पडतात. 1993 च्या भूकंपानंतर या भागात ज्या गावांचे पुनर्वसन झाले, तेथे जुन्या दाट वस्तीपेक्षा घराभोवती मोकळी जागा अधिक राहिली. अशा अंगणांत भाजीपाल्याच्या कडेने कंदफुलांना स्थान देणे सहज शक्य असते.

या दोन्ही अडचणींना उत्तम तोंड देणारी जात म्हणजे पांढरी रेन लिली, अर्थात झेफिरँथस कँडिडा. ही दक्षिण अमेरिकेतील ला प्लाटा नदीच्या खोऱ्यातील ओलसर जागांची रहिवासी असल्यामुळे काही काळ साचलेले पाणी ती सोसते; तिची पाने बहुतांशी वर्षभर हिरवी राहतात आणि इतर रेन लिलींचा मुख्य बहर ओसरल्यावरही, म्हणजे भाद्रपद-आश्विनात, ती फुलत राहते. गुलाबी रेन लिली पहिल्या पावसातच मोठा बहर देत असल्याने बागेत दोन्ही एकत्र लावल्यास फुलांचा हंगाम लांबतो.

बाजारात व रोपवाटिकांत अनेक पांढरी कंदफुले सरसकट 'लिली' म्हणून विकली जात असल्याने त्यांतील भेद समजून घेणे आवश्यक ठरते. पांढऱ्या रेन लिलीचे पान कांद्याच्या कोवळ्या पातीसारखे अरुंद व जाडसर असते, प्रत्येक पोकळ दांड्यावर एकच ताठ फूल येते आणि परिदलांच्या तळाशी नळी जवळजवळ नसते. फूल उन्हात उमलते व सायंकाळी मिटते. स्पायडर लिली, म्हणजे हायमेनोकॅलिस, हिची पाने पट्ट्यासारखी रुंद असतात, एका दांड्यावर अनेक फुले येतात आणि पुंकेसरांचे तंतू तळाशी पातळ पडद्याने जोडले जाऊन एक पेला तयार होतो. असाच पेला भारतीय पँक्रॅशियममध्येही असतो. त्यामुळे या दोहोंत गल्लत होते, परंतु पँक्रॅशियमचे बी काळे व कोरडे, तर स्पायडर लिलीचे मोठे, हिरवे व मांसल असते, एवढा एक पुरावा निर्णय देण्यास पुरेसा ठरतो. नागदवणा, म्हणजे क्रायनम एशियाटिकम, आकाराने बराच मोठा असून त्याच्या फुलात पेला नसतो आणि केसरतंतूंचा वरचा भाग लालसर-जांभळा असतो. निशिगंध हा तर वेगळ्याच कुळातील असून त्याची सुगंधी, नळीदार फुले उंच दांड्यावर कणसासारखी क्रमाने उमलतात.

लागवडीसाठी मे महिन्याची अखेर किंवा जूनचा प्रारंभ योग्य असतो. काळी माती, बारीक मुरूम किंवा वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळून सुमारे वीस सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा आणि त्यात कंद चार-पाच सेंटिमीटर खोल व आठ-दहा सेंटिमीटर अंतरावर लावावेत. ताजे शेण वापरल्यास कंद कुजण्याचा धोका वाढतो. निदान अर्धा दिवस ऊन मिळेल अशी जागा असावी, कारण दाट सावलीत पाने माजतात व फुले घटतात. उन्हाळ्यात वाफ्यावर पाचट किंवा वाळलेला पाला पसरल्यास भेगा कमी पडतात. ताण आणि त्यानंतरची भरपूर ओल हा रेन लिलीच्या बहराचा प्रमुख संकेत असल्यामुळे कुंडीतील झाडांना पावसाळ्याच्या शेवटी आडोशाला ठेवून काही आठवडे पाणी तोडावे व मग सढळ हाताने द्यावे. त्यातून दसऱ्याच्या आसपास बहर धरण्याचा प्रयत्न करता येतो. दर तीन-चार वर्षांनी गर्दी झालेले कंद विलग करून पुन्हा लावावेत. पाने कुरतडणाऱ्या, काळ्या अंगावर ठिपके असलेल्या अळ्या सकाळी हाताने वेचून नष्ट करणे घरगुती बागेत पुरेसे होते.

एका धोक्याची जाणीव मात्र प्रत्येक घरात असावी. आधुनिक वर्गीकरणानुसार कांदा व लसूणही स्नोड्रॉप व रेन लिलीच्याच कुळात मोडतात आणि रेन लिलीचा कंद लहान कांद्यासारखाच दिसतो. परंतु त्याला कांद्याचा उग्र वास नसतो आणि त्यात लायकोरीन हे वांती आणणारे अल्कलॉइड असते. अशा कंदांची साठवण स्वयंपाकघरापासून दूर, नाव लिहिलेल्या पिशवीत करावी आणि लहान मुले व जनावरे यांच्यापासून ती जपावी. स्नोड्रॉपमधून मिळालेले गॅलँटामाइन हे द्रव्य अल्झायमर या विस्मृतीच्या विकारावर वापरले जात असले, तरी त्यावरून कोणताही कंद घरगुती औषध म्हणून वापरणे घातकच होय.

या जिल्ह्याच्या वनस्पतींचा शास्त्रीय अभ्यास नवा नाही. वि. ना. नाईक यांचा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याच्या वनस्पतींवरील इंग्रजी ग्रंथ 1979 मध्ये आणि मराठवाड्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ 1998 मध्ये प्रसिद्ध झाला असून, परिसरातील रानफुलांची ओळख पटवताना अशा ग्रंथांचा आधार घेणे हे केवळ छायाचित्रावर विसंबण्यापेक्षा अधिक विश्वसनीय ठरते. ओळखीइतकेच जतनही महत्त्वाचे आहे; युरोपातील बागांच्या हौसेपोटी स्नोड्रॉपचे कंद रानातून इतके उपसले गेले की तिच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आज साइट्स कराराचे नियंत्रण आहे. माळरानावर पँक्रॅशियम किंवा रानटी क्रायनम फुललेले दिसल्यास बागप्रेमींनी त्याचा कंद उपटू नये, पक्व बियांपैकी मोजक्याच घ्याव्यात. रेन लिलीचे कंद तर शेजारच्या बागेतूनही मिळतात आणि दोन-तीन वर्षांत वाफा भरून टाकतात.